रानघोड्यांचा हाका: सही करण्याआधी माद्यांचं काय ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या रेनोला राहायला येऊन वर्ष झालं. मागच्या महिन्यात मित्राबरोबर वाळवंटात गेलात आणि सरकारतर्फे हेलिकॉप्टरनं रानघोड्यांचा कळप हाकत आणताना पाहिला. एक शिंगरू मागं पडलं, ते डोळ्यांसमोरून हलेना. शेजारी म्हणतो, हे सगळं गुरंवाल्यांसाठी चाललंय. ऑफिसातला सहकारी म्हणतो, उचलले नाहीत तर घोडे उपाशी मरतील. आता ‘हेलिकॉप्टर कायमचं बंद करा आणि घोड्यांना निसर्गावर सोडा’ अशा निवेदनावर तुमची सही मागितली आहे. करावी का?

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं मत कुठून येतं ते कळेल. मुंबईत पशुवैद्यक शिकलो, पुण्यात काही वर्षं भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचं काम केलं आणि गेली चौदा वर्षं उत्तर नेवाडात मोठ्या जनावरांची प्रॅक्टिस करतो. हाक्यानंतर तात्पुरत्या आवारात आणलेले घोडे तपासले आहेत. गेले सहा हंगाम डार्टनं, म्हणजे बंदुकीतून दुरून मारायच्या सुईनं, माद्यांना गर्भनिरोधक लस देणाऱ्या गटाबरोबर फिरतो. माझे बरेचसे अशील गुरं पाळणारे आहेत, हेही लपवत नाही.

तुम्हाला जे दिसलं ते क्लेशकारकच होतं. पण हेलिकॉप्टर हा या गोष्टीतला एक दिवस आहे. त्याच्या आधीची चार-पाच वर्षं आणि नंतरची पंचवीस वर्षं कुणाला दिसत नाहीत, आणि खरा प्रश्न तिथं आहे: दरवर्षी किती शिंगरं जन्माला येतात आणि ती कमी करण्यासाठी कोण, कधी, काय करतं.

हा हिशेब एकदा नीट मांडू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. पश्चिमेकडचे रानघोड्यांचे कळप साधारणपणे वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतात. २० टक्के धरले तर शंभराचे चार वर्षांत दोनशे होतात आणि दहा वर्षांत सहाशेच्या वर जातात. आता पाचशे घोड्यांचा एक कळप घ्या. हाका घालून त्यातले तीनशे उचलले, दोनशे मागं ठेवले आणि त्या दोनशेतल्या माद्यांना काहीच दिलं नाही. पाच वर्षांनी तिथं पुन्हा पाचशे घोडे असतात. उचललेले तीनशे सरकारी आवारात दाणा-वैरण खात असतात, पुन्हा हेलिकॉप्टर येतं आणि पुन्हा एक शिंगरू मागं पडतं. उलट उचलल्यामुळे मागं राहिलेल्यांना भरपूर गवत मिळतं, माद्या अंगानं भरतात आणि जवळपास दरवर्षी वितात. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनं या कार्यक्रमाचा अभ्यास करून नेमकं हेच बजावलं होतं: नुसतं उचलत राहिलात तर वाढीचा वेग चढाच राहील. पुण्यातल्या कुत्र्यांनी मला हे त्याआधी शिकवलं होतं. एका वस्तीतली कुत्री उचलून नेली की राहिलेल्यांची पिल्लं जास्त जगतात.

‘सरकारी आवारात’ म्हणजे किती, याची कल्पना असू द्या. सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या, म्हणजे बीएलएमच्या, २०२४ सालच्या अंदाजानुसार मोकळ्या सार्वजनिक जमिनीवर घोडे आणि गाढवं मिळून सुमारे ७३ हजार होते. २०२० मध्ये हाच आकडा ९५ हजारांच्या आसपास होता. बीएलएमच्या हिशेबानं जमिनीला झेपणारी संख्या आहे २५-२६ हजार. आणि आधी उचललेले, कुणी दत्तक न घेतलेले साठ हजारांहून जास्त घोडे आवारांत आणि भाड्यानं घेतलेल्या कुरणांत आहेत. कार्यक्रमाच्या बजेटमधले जवळपास दोन तृतीयांश पैसे त्यांच्या वैरणीत जातात. एक घोडा आयुष्यभर असा सांभाळायचा तर सरकारी अंदाजानं पन्नास हजार डॉलरच्या घरात खर्च येतो. लसीच्या एका मात्रेचं औषध त्यापुढं किरकोळ, तीसएक डॉलरचं. तरीही लसीला पैसा उरत नाही, कारण तो आधीच आवारात अडकलेला असतो.

मग हे आवारातले घोडे मारत का नाहीत, असं कुणी तुम्हाला विचारेल. मूळ कायद्यात तशी तरतूद आहे, पण गेली बरीच वर्षं अमेरिकी काँग्रेस खर्चाच्या विधेयकातच निरोगी घोडे मारायला आणि कत्तलीसाठी विकायला मनाई करते. लोकांच्या मनात या प्राण्याची जी जागा आहे ती कुणी पुढारी मोडू धजत नाही, आणि तिला इतिहास आहे. तो तुमच्याच गावचा आहे. रेनोच्या एका कचेरीत सेक्रेटरी असलेल्या वेल्मा जॉन्स्टन यांना १९५० मध्ये रस्त्यात पुढच्या ट्रकमधून रक्त गळताना दिसलं. आत कत्तलीसाठी नेले जाणारे रानघोडे कोंबलेले होते. त्यांनी पुढची वीस वर्षं यासाठी घालवली. लोक त्यांना ‘वाइल्ड हॉर्स ॲनी’ म्हणू लागले. १९५९ मध्ये सार्वजनिक जमिनीवर मोटारी आणि विमानांनी रानघोड्यांचा पाठलाग करून पकडण्यावर बंदी आली. मग देशभरातल्या शाळकरी मुलांच्या पत्रांचा पाऊस पडला आणि १९७१ मध्ये एकाही विरोधी मताशिवाय संरक्षणाचा कायदा झाला. डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. सरकारी हाक्यासाठी हेलिकॉप्टर वापरायची मुभा १९७६ च्या दुसऱ्या एका कायद्यानं परत दिली. कायदा झाला तेव्हा घोडे थोडे उरले होते. ते इतके वाढले तर काय करायचं, याचं उत्तर मात्र त्या कायद्यानं अर्धवटच दिलं.

आता शेजारी म्हणतो ते गुरांचं. त्याचं म्हणणं खोटं नाही. सार्वजनिक जमिनीवर घोड्यांपेक्षा गुरं कितीतरी जास्त चरतात. गाय-वासराच्या जोडीमागं महिन्याला घ्यायची चराई फी कित्येक वर्षं १.३५ डॉलर होती. खासगी कुरणाचं भाडं तुम्ही विचारून पाहा, फरक कळेल. १९७१ मध्ये ज्या पाच कोटींहून अधिक एकरांवर घोडे होते, त्यातल्या जेमतेम निम्म्या जमिनीवर आज त्यांना अधिकृत जागा आहे. आणि ‘झेपणारी संख्या’ ठरवायची पद्धत पारदर्शक नाही, तिला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असं त्याच २०१३ च्या समितीनं स्पष्ट लिहिलं. गुरंवाल्यांच्या ओसरीवर बसूनही मी हे बोलतो. जिथं घोड्यांच्या वाट्याचं गवत गुरांच्या चराईच्या परवान्यांवर दिलं आहे, तिथं परवाने कमी व्हायला हवेत असं माझं मत आहे.

पण गुरं हटवली की प्रश्न सुटला, हे मात्र पटत नाही. गुरं ठरावीक महिनेच येतात, दुष्काळात परवानाधारकाला ती खाली उतरवायला सांगता येतं. घोडा बारा महिने तिथंच असतो. गाईला वरचे पुढचे दात नसतात, ती जिभेनं गवत वेढून ओढते. घोड्याला वर-खाली दोन्ही पटाशीचे दात असतात, तो मुळाशी कातरतो. शिवाय तो रवंथ करत नाही. हलकं, वाळलं गवत खाऊन तगतो, पण त्यासाठी भरपूर खातो. नेवाडातल्या आटत्या झऱ्यावर उन्हाळ्याच्या दुपारी बसून पाहा. घोड्यांची टोळी पाण्यावर असेपर्यंत प्राँगहॉर्न हरणं शंभर पावलं लांब ताटकळत उभी असतात. सगळी गुरं काढलीत तर मिळणारं गवत घोड्यांना काही वर्षं पुरेल. दर चार-पाच वर्षांनी दुप्पट होणाऱ्या कळपाला ती काही वर्षं म्हणजे एक दुपटीकरण.

‘निसर्गावर सोडा’ याचं उत्तर जागेवर अवलंबून आहे. कॅनडाच्या किनाऱ्यापासून दूर सेबल आयलंड आहे. तिथले घोडे १९६० च्या दशकापासून संरक्षित आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही. कळप काही शेकड्यांत खाली-वर होत राहतो. कडक हिवाळ्याच्या शेवटी अशक्त घोडे मरतात, पुढच्या वसंतात गवत पुन्हा येतं. तिथं पाऊस आहे. आपल्याकडे ग्रेट बेसिनमध्ये, म्हणजे नेवाडाचा बहुतेक भाग व्यापणाऱ्या कोरड्या पट्ट्यात, बऱ्याच ठिकाणी वर्षाला २५० मिलिमीटरही पडत नाही. इथलं बहुवार्षिक गवत एकदा मुळापासून खाल्लं की त्याच्या जागी चीटग्रास हे परदेशी तण शिरतं. ते उन्हाळ्याआधीच वाळतं, वणवा पेटवतं आणि वणव्यानंतर आणखी पसरतं. ती जमीन आपल्या हयातीत भरून येईलच असं नाही. म्हणजे इथं आधी गवत मरतं आणि मग घोडे. तेही एकदम नाही. आधी दूध पाजणाऱ्या माद्या खंगतात, मग त्यांची शिंगरं. घोड्याच्या अंगावरचं मांस आम्ही १ ते ९ अशा अंकांत मोजतो. १ म्हणजे हाडांचा सापळा. एका दुष्काळी ऑगस्टात एका झऱ्यापाशी मी एकामागून एक १ आणि २ लिहीत गेलो. एका मादीच्या सडाला लागलेलं शिंगरू कोरडंच चोखत होतं. त्या दिवशी आलेलं हेलिकॉप्टर मला उशिरा आलं असं वाटलं. पहाडी सिंह (प्यूमा) काही डोंगराळ भागांत शिंगरं मारतात, पण मोकळ्या मैदानातल्या कळपांवर त्यांचा फारसा परिणाम नाही, आणि लांडगे नेवाडात नाहीत.

घोडा इथला मूळचा की उपरा, या वादात मी फार शिरत नाही. घोड्याचा वंश याच खंडात घडला, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी इथून नाहीसा झाला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून परत आला. दोन्ही बाजू आपल्याला हवं तेवढंच वाक्य उचलतात. आज गवत किती आणि तोंडं किती, हे दोन्ही उत्तरांनी बदलत नाही.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: नुसतं उचलणं म्हणजे भोक असलेल्या बादलीत पाणी ओतणं, आणि काहीच न करणं इथल्या जमिनीवर उपासमारीला आमंत्रण. उरतं ते जन्म कमी करणं. आता माझ्या कामाविषयी जरा सविस्तर.

भारतात खच्चीकरण म्हटलं की बैल आठवतो, म्हणून पुष्कळांना वाटतं नर खच्ची केले की झालं. शंभर नरांतले नव्वद खच्ची केले तरी उरलेले दहा सगळ्या माद्या गाभण ठेवायला पुरतात. म्हणून काम मादीवर करावं लागतं. सर्वांत जास्त वापरली जाणारी लस पीझेडपी. डुकराच्या बीजांडाभोवतीच्या आवरणातल्या प्रथिनांपासून ती बनते. मादीच्या शरीरात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती मादीच्या स्वतःच्या बीजांडाला चिकटतात आणि शुक्राणू आत शिरू शकत नाही. आधीच गाभण असलेल्या मादीच्या पोटातल्या शिंगराला इजा होत नाही. पहिली मात्रा, काही आठवड्यांनी दुसरी, आणि मग दरवर्षी एक. मेरिलंडच्या असाटीग बेटावर १९८८ मध्ये मोकळ्या घोड्यांवर तिचे पहिले प्रयोग झाले. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कळपाची संख्या लसीनंच हळूहळू खाली आणली. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा आहे: दशकाहून जास्त काळ लागला, कारण ज्या मादीला दरवर्षी वीत बसावं लागत नाही ती जास्त वर्षं जगते. मला ही लसीची सर्वांत चांगली बाजू वाटते, पण अधिकाऱ्यांना दोन वर्षांत आकडा हवा असतो.

मैदानात हे काम कसं चालतं? आमच्याकडे प्रत्येक मादीचं पान असतं: कपाळावरचा पट्टा, कोणत्या पायाला पांढरं, आयाळ कुठं पडते, कोणत्या नराच्या टोळीत. डार्ट मारायचा तर तीस-चाळीस मीटरपर्यंत जावं लागतं. सरळ चालून गेलात की टोळी चौखूर उधळते. तिरकं चालायचं, थांबायचं, दुसरीकडे बघायचं. डार्ट पुठ्ठ्याच्या जाड मांसात लागतो, औषध आत जातं, डार्ट गळून पडतो आणि तो शोधून उचलायचाच असतो. यासाठी रीतसर प्रशिक्षण घ्यावं लागतं. एका वर्षी वसंतातल्या उशिराच्या बर्फानं रस्ता बंद पडला आणि अकरा माद्यांची वार्षिक मात्रा हुकली. त्याच वर्षी एकसारख्या दिसणाऱ्या दोन बहिणींची पानं मी उलटसुलट केली: एकीला दोनदा लस, दुसरीला शून्य. पुढच्या वर्षी त्या दुसरीला शिंगरू झालं. तेव्हापासून मादीचे दोन्ही बाजूंचे फोटो घेतल्याशिवाय मी डार्ट भरत नाही.

लसीला दोषही आहेत. पीझेडपी दिलेली मादी गाभण राहत नाही म्हणून पुन्हा पुन्हा माजावर येत राहते, नर तिच्यामागं लागतात, काही माद्या टोळ्या बदलतात. सलग अनेक वर्षं दिलेल्या काही माद्या पुढं कधीच गाभण राहत नाहीत. गोनाकॉन नावाची दुसरी लस मेंदूतून येणाऱ्या संप्रेरकावरच काम करते. बूस्टर मिळाला तर ती अनेक वर्षं टिकते, म्हणून दुर्गम भागात ती सोयीची. पण त्याच कारणानं लहान, वेगळ्या वंशाच्या कळपात मी ती जपून वापरेन. मोंटाना-वायोमिंगच्या सीमेवरचा प्रायर माउंटनचा कळप असा आहे. त्यात जुन्या स्पॅनिश घोड्यांचं रक्त आहे, तिथं कोणत्या मादीचा वंश थांबतोय हे बघावंच लागतं.

आणि सगळ्यांत मोठं ‘अवलंबून आहे’ इथं आहे. कोलोरॅडोतल्या स्प्रिंग क्रीक बेसिनसारखं वीसेक हजार एकरांचं क्षेत्र आणि शंभराच्या आतला कळप असेल तर एक-दोन चिकाटीची माणसं डार्टवर तो सांभाळू शकतात. तिथं २०११ पासून ते चाललंय आणि अनेक वर्षं मोठ्या हाक्याची गरज पडलेली नाही. तुमच्या घराजवळच्या व्हर्जिनिया रेंजचे घोडे माणसांना सरावलेले आहेत, तिथंही डार्ट चालतो (ते घोडे संघराज्याच्या कायद्याखाली येत नाहीत, राज्याच्या अखत्यारीत आहेत). पण मध्य नेवाडात काही लाख एकरांत दोन हजार घोडे पसरलेले असतात आणि माणूस मैलावर दिसला तरी पळतात. तिथं डार्ट घेऊन चालणारा माणूस आयुष्य घालवेल. तिथं माद्यांना हात लावायचा तर त्यांना आधी गोळा करावं लागतं: पाण्यावर किंवा चाऱ्यावर सापळा लावून, नाहीतर हेलिकॉप्टरनं. सापळा शांत असतो, पण पाणवठे मोजके असतील तरच लागू पडतो. झरे जागोजागी असतील तर घोडा सापळ्याचं पाणी सोडून दुसरीकडे जातो.

म्हणून हेलिकॉप्टर कायमचं बंद करा अशा निवेदनावर मी सही करणार नाही. त्यानं दुर्गम कळपांतल्या माद्यांपर्यंत लस पोचायचा एक मार्ग बंद होतो. पण तुम्ही पाहिलंत तसं शिंगरू मागं पडणार नाही, अशा अटी मागायला हव्यात आणि त्या मागता येतात. १ मार्च ते ३० जून या विण्याच्या काळात आणीबाणीखेरीज हेलिकॉप्टर वापरायला आधीच मनाई आहे. पण जुलैत जन्मणारी शिंगरंही असतात, म्हणून लांबून हाकायचं अंतर आणि उन्हाचं तापमान यांवर कडक मर्यादा हवी. हाक्याच्या योजनेसाठी बीएलएम सहसा पर्यावरणीय आढावा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवते. तुमची दोन पानं तिथं लिहा, तिथं ती वाचावी लागतात. उचलणार किती, हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा: परत सोडणार त्या माद्या किती, त्यांतल्या किती जणींना लस मिळणार, दुसरी मात्रा देईपर्यंत त्यांना आवारात ठेवणार का, आणि पुढच्या वर्षीच्या मात्रेसाठी माणूस आणि पैसा ठरलाय का. मी वाचलेल्या बऱ्याच योजनांत पहिला आकडा ठळक असतो आणि शेवटच्या प्रश्नापाशी ओळ संपते. त्याच क्षेत्रात गुरांचे परवाने किती आहेत, हेही त्याच पत्रात विचारा.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही म्हटलंत की बायकोला एक घोडा दत्तक घ्यायचा आहे. चांगली गोष्ट आहे, पण घाई नको. न माणसाळलेल्या प्रौढ घोड्याला किमान ४०० चौरस फुटांचं आवार आणि सहा फूट उंच कुंपण लागतं. फी सव्वाशे डॉलरपासून सुरू होते, खरा खर्च नंतरच्या वैरणीचा, खुरांचा आणि आमच्यासारख्यांच्या बिलांचा. एक वर्ष नीट सांभाळल्यावरच मालकी मिळते. पूर्वी घोडा हाताळलेला नसेल तर तुरुंगातल्या कैद्यांनी किंवा प्रशिक्षकांनी आधी माणसाळवलेला घोडा घ्या. कार्सन सिटीला तसे लिलाव होतात.

आणि मुलं व्हर्जिनिया रेंजच्या घोड्यांना कुंपणावरून गाजरं देतात असं तुम्ही लिहिलंय, ते आजपासून बंद करा. नेवाडात ते बेकायदा आहे. गाजराच्या आशेनं घोडा रस्त्यावर येतो. गाडीनं ठोकलेल्या घोड्यांपाशी रात्री दोन वाजता मला बोलावलं गेलंय, आणि अशा वेळी बहुतेकदा करण्यासारखं एकच उरतं.